डेव्हलपरने डिझाइन कसं शिकावं: पुण्यातून वारंवार येणारे प्रश्न

पुण्यात कोड लिहिणारे आणि आता आपली स्क्रीन डोळ्यांनाही बरी वाटावी म्हणून धडपडणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखाद्या गोष्टीबद्दल दुसरीकडे सविस्तर लिहिलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. मापं वेगळं सांगितलं नसेल तिथे सीएसएसच्या पिक्सेलमध्ये आहेत.

१. मला चित्र अजिबात काढता येत नाही. तरी जमेल का?

जमेल. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा न देताही. इंटरफेस डिझाइनमध्ये चित्रकलेचा भाग फार थोडा असतो. बाकीचं काम म्हणजे काय आधी दिसावं, काय कुणाच्या जवळ असावं, किती मोठं असावं आणि बोट लावल्यावर काय व्हावं हे ठरवणं. यातल्या बऱ्याच गोष्टी मोजता येतात, आणि मोजायची सवय डेव्हलपरला असतेच. आयकॉन तयार संचातून घ्या. एका प्रॉडक्टमध्ये एकच संच वापरा, कारण दोन संचांतल्या रेषांची जाडी जुळत नाही आणि ते लगेच डोळ्यांत खुपतं.

२. यूआय, यूएक्स, व्हिज्युअल डिझाइन: यातलं मी नेमकं काय शिकू?

स्क्रीन दिसते कशी हे व्हिज्युअल, ती वापरली कशी जाते हे यूआय, आणि माणसाचं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार पडतं का हे यूएक्स. नोकरीच्या जाहिरातींत हे शब्द कसेही फिरवतात, तिकडे फार लक्ष देऊ नका. डेव्हलपरने व्हिज्युअलपासून सुरुवात करावी असं आमचं मत आहे. त्यातल्या चुका स्वतःच्या स्वतःला दिसतात. यूएक्समधल्या चुका दिसायला समोर दुसरा माणूस लागतो (प्रश्न १२).

३. ऑफिस हिंजवडीत, घर हडपसरला. दिवसाला जेमतेम तास मिळतो. सुरुवात कुठून?

नक्कल करण्यापासून. कोर्सचे व्हिडिओ बघून नजर तयार होत नाही. रोज वापरता अशा एखाद्या ॲपची एकच स्क्रीन निवडा, शक्यतो साधी: बँकेतली शिल्लक, तिकिटाचा तपशील, जेवणाची ऑर्डर. तिचा स्क्रीनशॉट बाजूला ठेवून, मोजपट्टी न लावता, नजरेने तीच स्क्रीन पुन्हा बांधा. फिग्मा या डिझाइनच्या टूलमध्ये बांधा नाहीतर थेट सीएसएसमध्ये. झाल्यावर मूळ स्क्रीनशॉट ५० टक्के पारदर्शक करून तुमच्या स्क्रीनवर ठेवा आणि जिथे जिथे फरक दिसेल तो शब्दांत लिहा: "शीर्षक २० चं होतं, मी २८ चं केलं. दोन ओळींत ८ चं अंतर होतं, मी २० ठेवलं." सगळा अभ्यास या यादीत आहे. नवशिक्यांची अक्षरं बहुधा मूळपेक्षा मोठी येतात आणि गटांमधली अंतरं कमी पडतात.

पहिला आठवडा फक्त करड्या छटांत काम करा, रंग बंद. दुसऱ्यात अक्षरांचे आकार आणि वजन, म्हणजे जाडी. तिसऱ्यात रंग. चौथ्यात नक्कल सोडून स्वतःची एक स्क्रीन करा, उदाहरणार्थ सोसायटीच्या मेंटेनन्सचं बिल. आठवड्याला पाच दिवस धरले तर हे वीस तासांचं काम आहे. नक्कल केलेल्या स्क्रीन सरावाच्या वहीत राहू द्या, पोर्टफोलिओत घालू नका.

४. फिग्मा शिकलंच पाहिजे का? मला थेट कोडमध्ये जास्त वेगाने येतं.

एकट्याचं प्रॉडक्ट असेल तर थेट कोड चालेल. अडचण एवढीच, की कोडमध्ये एक मांडणी उभी राहिली की ती मोडवत नाही. फिग्मात एकाच कार्डाच्या सहा आवृत्त्या दहा मिनिटांत शेजारी शेजारी मांडता येतात आणि त्यातल्या पाच टाकून देताना जीव तुटत नाही. डिझायनरबरोबर काम असेल तर फिग्मा वाचता येणं आवश्यक आहे. त्यातला ऑटो लेआउट म्हणजे जवळपास फ्लेक्सबॉक्सच: दिशा, गॅप, पॅडिंग, आणि "आशयाएवढं" की "उरलेली जागा भरून" हे दोन पर्याय. फ्लेक्सबॉक्स येणाऱ्याला तो एका संध्याकाळी जमतो. मुक्त सॉफ्टवेअरच हवं असेल तर पेनपॉट आहे.

५. माझी स्क्रीन "इंजिनिअरने केलेली" दिसते असं सगळे म्हणतात. नेमकं चुकतं कुठे?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. कारणंही बहुतेक तीच ती असतात.

पहिलं म्हणजे मापांचा सुळसुळाट. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये सीएसएस ओव्हरव्ह्यू नावाचं पॅनेल आहे. ते चालवलं की पानावर किती रंग, अक्षरांचे किती आकार, कुठे कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक) कमी, हे सगळं समोर येतं. १३, १४, १५ आणि १५.५ असे चार आकार एकाच पानावर सापडले तर ते कुणी ठरवून ठेवलेले नसतात, साचलेले असतात. अंतरांसाठी ४, ८, १२, १६, २४, ३२, ४८, ६४ एवढीच मापं ठेवा. अक्षरांसाठी १४, १६, २०, २५, ३१ पुरतात. व्हेरिएबल करून टाका, म्हणजे मधलंच एखादं माप टाइप करायचा मोह होणार नाही.

दुसरं, जवळीक. फॉर्ममध्ये लेबल आणि त्याचा रकाना यांत १२, आणि रकाना व पुढचं लेबल यांतही १२ असेल, तर लेबल वरच्याचं की खालच्याचं हे वाचणाऱ्याला दर वेळी ठरवावं लागतं. आत ४ ते ८, बाहेर २४ ठेवा. गटाच्या आतलं अंतर गटाबाहेरच्या अंतरापेक्षा नेहमी कमी हवं. एवढं एक पाळलं तरी निम्म्या तक्रारी थांबतात.

तिसरं, चौकटीत चौकट. कार्डाला बॉर्डर, आतल्या ओळींना बॉर्डर, त्यातल्या बिल्ल्याला बॉर्डर. आतून बाहेर येत एकेक बॉर्डर काढा आणि जागा वाढवून वेगळेपणा टिकतो का पाहा. बहुतेक वेळा टिकतो. गोलाई ठेवली असेल तर आतल्या चौकटीची गोलाई म्हणजे बाहेरची वजा पॅडिंग: बाहेर १६, पॅडिंग ८, तर आत ८. दोन्हीकडे १६ ठेवलं की कोपरे फुगल्यासारखे दिसतात.

चौथं, सगळंच महत्त्वाचं. मेंटेनन्सच्या बिलावर माणूस दोन गोष्टी बघतो: किती भरायचे आणि कधीपर्यंत. तरीही फ्लॅट नंबर, बिल क्रमांक, सभासदाचं नाव, रक्कम आणि तारीख सगळं १६ मध्ये, सगळं ठळक. रक्कम २५ ची आणि ठळक करा, तारीख १६ ची नेहमीची, बाकी १४ चं फिकट. फिकट म्हणजे किती, ते प्रश्न ६ मध्ये.

राहिलेलं थोडक्यात: मजकूर मध्यभागी आणू नका, डावीकडे ठेवा. तक्त्यातले आकडे उजवीकडे टेकवा आणि फॉन्टमध्ये सोय असेल तर सारख्या रुंदीचे आकडे चालू करा, म्हणजे एककाखाली एकक येईल.

६. रंग कसे निवडायचे? आणि कॉन्ट्रास्ट किती पुरतो?

रंग निवडायची घाई सगळ्यांना असते, म्हणून हे सहावं ठेवलंय. एक मुख्य रंग, सात-आठ करड्या छटा, आणि यश, इशारा, चूक यांचे तीन रंग. यावर एक मोठं ॲप आरामात चालतं.

कॉन्ट्रास्टचे आकडे, वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजी या जागतिक मार्गदर्शिकेतले आहेत: नेहमीच्या मजकुराला किमान ४.५:१. मोठ्या मजकुराला, म्हणजे २४ किंवा ठळक असेल तर साधारण १८.७ पासून पुढे, ३:१. रकान्याची कड, अर्थ सांगणारे आयकॉन यांनाही ३:१. पांढऱ्यावर करडा वापरताना सीमारेषा अगदी बारीक आहे: हॅश ७७७७७७ ला ४.४८ मिळतात, म्हणजे नापास, आणि हॅश ७६७६७६ ला ४.५४, म्हणजे पास. हॅश ९९९९९९ वर तर २.८५ च. "फिकट आहे पण वाचता येतंय" असं चांगल्या मॉनिटरवर वाटतं. तीच स्क्रीन मे महिन्यात दुपारी लक्ष्मी रोडवर स्वस्तातल्या फोनवर उघडून पाहा.

आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे भगव्या बटणावर पांढरी अक्षरं. लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ असा भगवा घेतला तर पांढऱ्याशी त्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.१:१ होतो आणि काळ्याशी ९.९:१. एकतर अक्षरं काळी करा, नाहीतर रंग विटकरीकडे गडद करत न्या.

छटा बनवताना एचएसएल या रंगपद्धतीवर विसंबू नका. त्यात पिवळा आणि निळा दोन्ही ५० टक्के उजेडावर असले तरी शुद्ध पिवळ्याचा पांढऱ्याशी कॉन्ट्रास्ट १.०७ येतो आणि शुद्ध निळ्याचा ८.५९. ओकेएलसीएच या पद्धतीत उजेडाचा आकडा डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाच्या बराच जवळ असतो. नव्या ब्राउझरांत ती थेट सीएसएसमध्ये चालते.

७. मी तयार कंपोनंट लायब्ररी वापरते. मग डिझाइन शिकून वेगळं काय मिळणार?

लायब्ररी बटण देते. एका स्क्रीनवर किती बटणं असावीत हे ती सांगत नाही. मटेरियल असो की बूटस्ट्रॅप, भरीव मुख्य बटण एका दृश्यात एकच असावं, बाकीची बाह्यरेषेची किंवा नुसत्या अक्षरांची. अंतरं, क्रम, शब्द हे तुमच्याच हातात राहतं. लायब्ररीचं रूप बदलायचं असेल तर तिच्या थीमच्या व्हेरिएबलमधून बदला. वरून इम्पॉर्टंट लावून मारलेली ठिगळं पुढच्या अपडेटला उसवतात.

८. इंग्रजीत नीट दिसणारी स्क्रीन मराठी केली की मोडते. का?

कारण इंग्रजीसाठी पाठ केलेले नियम देवनागरीला तसेच्या तसे लागू होत नाहीत. रोमन अक्षरं तळरेषेवर उभी असतात, आपली शिरोरेषेला टांगलेली असतात. त्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांची शेपटं.

म्हणून ओळीची उंची आधी बदला. इंग्रजीत मजकुराला १.५ आणि शीर्षकाला १.१५ चालते. मराठीत मजकुराला १.६५ ते १.७५ आणि शीर्षकाला १.३५ च्या खाली जाऊ नका. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. बटणाला ठरावीक उंची देऊन ओव्हरफ्लो हिडन केलं असेल तर मात्रा कापल्या जातात. उंचीऐवजी मिन-हाइट द्या आणि वर-खाली पॅडिंग ठेवा. चाचणीसाठी "अआइई" काही कामाचं नाही, "र्‍हस्व, कर्तृत्व, वाङ्मय, टिळक रोड, मूर्ती" असा मजकूर घ्या.

लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा. इंग्रजी लेबलं मोठ्या लिपीत (कॅपिटलमध्ये) करून थोडी फाकवण्याची पद्धत आहे. मराठीत मोठी लिपी नसल्याने अपरकेसच्या आज्ञेचा काही परिणामच होत नाही, आणि फाकवल्यावर शिरोरेषा तुटून शब्द दात पडल्यासारखा दिसतो. लेबल वेगळं दाखवायला वजन किंवा रंग वापरा.

तिरपी अक्षरंही टाळा. बहुतेक देवनागरी फॉन्टांत ती काढलेलीच नसतात, ब्राउझर सरळ अक्षर ढकलून तिरपं करतो. अधोरेखा उकारांना छेदते, तिला ०.२५ एमच्या आसपास खाली सरकवा. ओळीची रुंदी सीएच या एककात दिली असेल तर ते रोमन शून्याच्या रुंदीवर मोजलं जातं, मराठी अक्षरांशी त्याचा संबंध नाही. त्याऐवजी ३२ ते ३६ एम द्या आणि डोळ्यांनी तपासा.

आणि पानाच्या भाषेच्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मराठीचा कोड टाका, इंग्रजीचा राहू देऊ नका. काही फॉन्टांत मराठी वळणाचे "ल" आणि "श" हिंदीपेक्षा वेगळे काढलेले असतात आणि ते हा कोड पाहूनच येतात. स्क्रीन रीडरही आवाज त्यावरूनच निवडतो.

९. मराठीसाठी फॉन्ट कोणता घेऊ?

ॲपसाठी मुक्त परवान्यातले तीन-चार भरवशाचे आहेत. "एक टाइप" या संस्थेचा "मुक्त" हा फॉन्ट सात वजनांत मिळतो आणि लहान आकारातही सुटसुटीत वाचला जातो. नोटो सॅन्स देवनागरी सगळ्यात निर्धोक. पॉपिन्समध्ये देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत, पण तो भौमितिक आहे, त्यामुळे शीर्षकात शोभतो आणि लांब मजकुरात थकवतो. लेखांसाठी टिरो देवनागरी मराठी. बलू फक्त मोठ्या आकारात.

निवडण्याआधी तीन शब्द टाकून पाहा: "दर्या" आणि "दऱ्या" वेगळे दिसतात का, आणि "ॲप" मधला ॲ नीट येतो की चौकोन? हा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, जुन्या फॉन्टांत सापडत नाही. दोनच वजनं लोड करा, ४०० आणि ६००. लहान आकारात ७०० वापरलं की "ष" आणि "क्ष" यांच्या पोटातली जागा भरून जाते.

१०. सूचना आणि बटणांवरचं मराठी फार अवघडलेलं वाटतं. कसं लिहू?

बहुतेक वेळा दोष वाक्ये जोडणाऱ्या कोडचा असतो. इंग्रजीत शहराचं नाव मधे चिकटवता येतं. मराठीत "पुणे" ला "मध्ये" जोडलं की "पुणेमध्ये" तयार होतं, आणि सदाशिव पेठेत ते कुणी खपवून घेणार नाही. सामान्यरूप कोडने बनवायच्या फंदात पडू नका. वाक्य मोडून "शहर: पुणे" असं करा. "प्रिया ग्रुपमध्ये आला" हीदेखील तशीच गफलत. लिंग माहीत नसेल तर "नवीन सदस्य: प्रिया".

दुसरी गंमत रद्द करण्याची. "ऑर्डर रद्द करायची?" याखाली दोन बटणं, "रद्द करा" आणि "ठीक आहे". कोणत्या बटणाने काय रद्द होणार? "ऑर्डर रद्द करा" आणि "राहू द्या" असं लिहा. बटणावर नेहमी होणारी कृती हवी.

चूक दाखवणाऱ्या सूचनेत तीन गोष्टी सांगा: काय बिघडलं, का, आता काय करायचं. "अवैध इनपुट" ऐवजी "मोबाइल नंबर १० अंकी हवा, तुमचे ९ झालेत." पुणेरी पाटीकडून नेमकेपणा जरूर घ्या, वाचणाऱ्याची अक्कल काढण्याचा भाग पाटीकडेच राहू द्या.

११. आकडे मराठी ठेवू की इंग्रजी?

वाचायच्या मजकुरात मराठी छान दिसतात. खाते क्रमांक, ओटीपी, गाडीचा नंबर अशा जुळवून पाहायच्या किंवा टाइप करायच्या ठिकाणी इंग्रजी ठेवा, कारण समोरच्या एसएमएसमध्ये आणि कीबोर्डवर तेच असतात. ब्राउझरच्या नंबर-फॉरमॅटला मराठी-भारत असा लोकेल दिला तर आकडे आपोआप देवनागरी होतात आणि स्वल्पविराम लाखाच्या हिशेबाने पडतात: १,२३,४५६. इंग्रजी अंक हवे असतील तर लोकेलमध्ये अंकपद्धती वेगळी सांगावी लागते. एकाच ओळीत दोन्ही प्रकार नकोत.

रकान्यांबद्दल: मोबाइल नंबरला नंबर हा इनपुट प्रकार देऊ नका, टेल द्या. नंबर प्रकारात माऊसचं चाक फिरलं की आकडा बदलू शकतो. रकान्यातली अक्षरं १६ पेक्षा लहान असतील तर आयफोनवरची सफारी टॅप करताच पान झूम करते.

१२. लोकांकडून तपासून घ्यायचं तर किती जण, आणि आणायचे कुठून?

पाच पुरेत. यूएक्सचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली हा आकडा मांडला, आणि त्यामागचं कारण आजही पटतं: पाचव्या माणसापर्यंत त्याच त्याच अडचणी पुन्हा दिसू लागतात. पाच जणांवर एकदाच वीस स्क्रीन तपासण्यापेक्षा दुरुस्ती करून पुन्हा नवे पाच बघा.

टीममधले लोक चालणार नाहीत, त्यांना उत्तरं माहीत असतात. सोसायटीचे सेक्रेटरी, डबा देणाऱ्या मावशी, बारावीतली भाची अशी माणसं घ्या. प्रत्येकी वीस मिनिटं, तीन कामं, त्यांच्याच फोनवर. "हे बटण दाबा" असं म्हणायचं नाही. "या महिन्याचा मेंटेनन्स भरायचाय, भरा" एवढंच सांगा. मग गप्प बसायचं. अडकले तर मदतीऐवजी विचारा, "आता काय होईल असं वाटतंय?" पुणेकर मतं भरभरून देतील. ती ऐकून घ्या, पण वहीत लिहा ते बोट कुठे अडखळलं ते.

१३. पुण्यात चांगला कोर्स कोणता? डिग्री लागते का?

इंटरफेसच्या कामाला डिग्री लागत नाही. पूर्णवेळ शिकायचंच असेल तर शहरात विमाननगरला सिम्बायोसिस इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन आणि शहराबाहेर लोणी काळभोरला एमआयटीची डिझाइनची संस्था आहे. इंजिनिअरिंगनंतर एमडेस (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) करायचं तर सीईईडी ही प्रवेश परीक्षा आहे. ती आयआयटी मुंबई घेते, आणि इंजिनिअरिंगची पदवी तिला चालते. आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइन स्कूल १९६९ पासून सुरू आहे. या परीक्षेत मात्र हाताने रेखाटन असतं, तिथे प्रश्न १ मधला दिलासा चालणार नाही.

नोकरी सांभाळून करायच्या छोट्या कोर्सला पैसे भरण्यापूर्वी एवढं विचारा: प्रत्येकाच्या कामावर दर आठवड्याला वैयक्तिक टिप्पणी मिळते का? एका बॅचला किती जण? अभ्यासक्रमात टूलशिवाय काय आहे? तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर ते शिकवणं यूट्यूबवर फुकट मिळतं.

१४. कुणी म्हणतं बटण ४४ चं हवं, कुणी ४८, डब्ल्यूसीएजीत २४ लिहिलंय. खरं काय?

तिन्ही खरे. ॲपलची शिफारस ४४ पॉइंट, मटेरियलची ४८ डीपी. २४ हे डब्ल्यूसीएजी २.२ मधलं किमान माप आहे, त्याखाली जायचं तर भोवती मोकळी जागा सोडावी लागते. हे सगळे आकडे बोट लागणाऱ्या क्षेत्राचे आहेत, दिसणाऱ्या आयकॉनचे नाहीत. २४ चा आयकॉन, चारही बाजूंनी १२ पॅडिंग, झाले ४८. पीएमपीच्या बसमध्ये एका हाताने दांडा धरून वापरायचं ॲप असेल तर ४८ च ठेवा.

१५. बंद असलेल्या बटणाला आणि प्लेसहोल्डरला कॉन्ट्रास्टचा नियम लागतो का?

बंद बटणाला सूट आहे, लोगोलाही. प्लेसहोल्डरला नाही, तिथे ४.५:१ हवाच. पण सूट आहे म्हणून "पाठवा" बटण बंद ठेवू नका. काय भरायचं राहिलंय हे माणसाला कळत नाही आणि तो फिकट बटणावर बोट आपटत बसतो. बटण चालू ठेवा, दाबल्यावर राहिलेल्या रकान्याकडे न्या. प्लेसहोल्डर लेबलच्या जागी वापरू नका, टाइप करताच तो नाहीसा होतो.

१६. प्रोफाइलच्या गोलात नावाचं पहिलं अक्षर दाखवतो. "श्रीकांत" चं "श" येतं, ते विचित्र दिसतं. उपाय?

स्ट्रिंगचा पहिला घटक म्हणजे मराठीतलं पहिलं अक्षर नव्हे. "क्षितिज" आपल्याला तीन अक्षरांचं वाटतं, युनिकोडमध्ये त्यात सात चिन्हं आहेत. मधेच कापलं तर लोंबकळता हलन्त उरतो. ब्राउझरमधलं इंटल सेगमेंटर वापरा. नव्या ब्राउझरांत ते "श्री" एकसंध देतं. जुन्यांत "श्" आणि "री" वेगळे पडू शकतात, म्हणून तुकडा हलन्तावर संपत असेल तर पुढचा त्याला जोडून घ्या. मात्रा काढून टाकायची नाही. आपल्याकडे आद्याक्षरं लिहायची रीत ठरलेली आहे: प्र. के. अत्रे. त्यांचं "प. क." कुणी केलेलं नाही.

गोलात "श्री" बसवताना अक्षराचा आकार गोलाच्या व्यासाच्या ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि एक-दोन पिक्सेल खाली सरकवून पाहा, वेलांटीमुळे ते वर चढल्यासारखं दिसतं. यादीतली लांब नावं कापायची असतील तर हीच काळजी घ्या, किंवा कापण्याचं काम जावास्क्रिप्टऐवजी सीएसएसच्या टेक्स्ट-ओव्हरफ्लोवर सोपवा.